डॉक्टर साडीवरूनच नळी लावतात, त्यांना खरंच काही ऐकू येतं का?

माणदेशी_लेक (रविवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण दोन दिवस डोक्यात एक किडा वळवळतोय म्हणून धागा काढतेय.

आईला (वय ५८) पित्ताशयात खडे झालेत. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. त्याआधी भूलतज्ज्ञ बाईंकडे तपासणीला गेलो. बाईंनी पहिलं काम काय केलं, तर खोलीतला पंखा बंद केला. मग आईला झोपवलं, पदर बाजूला घ्यायला लावला, ब्लाउजची वरची दोन हुकं काढायला लावली आणि छातीवर चार-पाच ठिकाणी नळी ठेवत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, आता दहा वेळा उठा-बसा." आईला धाप लागली तशी तिला लगेच डाव्या कुशीवर वळवलं, नळीची दुसरी बाजू फिरवली आणि पुन्हा ऐकलं. डोळे मिटून. मला वाटलं बाईंचा डोळा लागला की काय! शेवटी म्हणाल्या, "मर्मर आहे. टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाल्याशिवाय मी भूल देणार नाही."

आता माझा प्रश्न. आमचे घरचे डॉक्टर वीस वर्षं आईला तपासतायत. ताप असो, खोकला असो, पाय मुरगळलेला असो, नळी लागतेच. पण कायम साडीवरून. पदराच्या दोन घड्या, खाली ब्लाउज, थंडीत वर स्वेटर. तीन सेकंद इकडे, तीन सेकंद तिकडे, "जोरात श्वास घ्या", झालं. त्यांना कधीच काही ऐकू आलं नाही.

मग इतकी वर्षं ते नेमकं ऐकत काय होते? मला भांडायला जायचं नाहीये. डॉक्टर देवमाणूस आहेत, रात्री दोनला उठून आलेत आमच्याकडे. पण समजून घ्यायचंय.

शंकासुर_पुणे (रविवार, रात्री ९.३०)

काही ऐकू येत नाही हो. तो एक विधी आहे. देवळात घंटा वाजवतो तसा. नळी लावली की पेशंटला समाधान आणि फी घ्यायला डॉक्टर मोकळे. आमच्या आजोबांना नळी लावून "हार्ट एकदम ठणठणीत" म्हणाले होते. दोन महिन्यांत अटॅक. तेव्हापासून मी म्हणतो, नळी म्हणजे गळ्यातलं मंगळसूत्र, ओळख पटावी एवढ्यापुरतं.

गल्लीतला_डॉक्टर (रविवार, रात्री ११.०५)

ओपीडी संपवून, जेवून, आत्ता हा धागा पाहिला. शंकासुरांनी मंगळसूत्र काढलंच आहे तर कबुलीजबाब देऊनच टाकतो.

माणदेशी_लेक ताई, तुमच्या घरच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तरी बहुधा चुकलो असतो. दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट. त्यात निम्मे सर्दी-खोकल्याचे. आम्ही नळी लावतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा हृदय ऐकतच नसतो, फुप्फुस ऐकत असतो. "जोरात श्वास घ्या" म्हणतात ते त्यासाठीच. दम्याची शिट्टी, न्यूमोनियाची करकर हे आवाज बऱ्यापैकी मोठे असतात, एखादा कपडा मध्ये आला तरी अंदाज येतो. जाता जाता ठोके किती आणि नियमित आहेत का एवढं हृदयाचं कळतं. बस.

आणि शंकासुर, विधी हा शब्द अगदीच चुकीचा नाही. बोट कापलं म्हणून आलेल्या माणसाला मी नळी लावली नाही, तर बाहेर जाऊन म्हणाला, "डॉक्टरनं तपासलंच न्हाई." तेव्हापासून बोट कापलेल्यालाही लावतो.

आता खरं उत्तर. हृदयाचा जो "लब-डब" आवाज येतो तो धडधडणाऱ्या स्नायूचा नसतो, तो मुख्यतः दारं बंद होण्याचा असतो. हृदयात चार झडपा. वरच्या कप्प्यांतून रक्त खालच्या कप्प्यांत उतरलं, की मधल्या दोन झडपा मिटतात, तो "लब". खालच्या कप्प्यांनी रक्त बाहेर ढकललं, की बाहेरच्या दोन मिटतात, तो "डब". या दोन आवाजांच्या मध्ये शांतता असायला हवी. सगळी गंमत त्या शांततेत आहे.

शेतीवाल्यांना पटकन कळेल. पाटाचं पाणी सरळ, भरल्या पाटानं वाहतं तेव्हा आवाज करत नाही. बाऱ्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, दगड आडवा आला, की खळखळतं. रक्ताचंही तेच. झडप नीट उघडली नाही किंवा नीट मिटली नाही, की शांततेच्या जागी खळखळ ऐकू येते. तिला मर्मर म्हणतात. मर्मर ठोक्यांच्या कुठल्या फटीत आहे, छातीवर कुठे मोठी आहे, कुठल्या दिशेला पसरते, श्वास घेतल्यावर वाढते की सोडल्यावर, यावरून कुठली झडप बिघडलीय याचा बराच अंदाज बांधता येतो. म्हणून चार-पाच ठिकाणी ऐकायचं. छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या बाजूला दुसऱ्या बरगडीखाली एक जागा, तिच्या समोर डावीकडे एक, त्याच कडेने खाली एक, आणि डाव्या स्तनाच्या खालच्या अंगाला, पाचव्या फटीत, जिथे ठोका हाताला लागतो तिथे एक.

तुमच्या भूलतज्ज्ञ बाईंनी जे केलं (डावी कूस, नळीची दुसरी बाजू, आधी उठाबशा) ते सगळं एकाच आवाजासाठी केलं जातं. मायट्रल झडप (डावीकडच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली) आकसली असेल तर येणारी मर्मर. ती इतकी खोल, खर्जातली असते की कानाच्या ऐकण्याच्या तळाशी असते. एका रुपयाएवढ्या जागेत ऐकू येते, बोटभर सरकलात की गायब. कुशीवर वळलं की हृदयाचं टोक छातीच्या भिंतीला टेकतं, आणि उठाबशांनी रक्ताचा वेग वाढून आवाज थोडा उठतो. साडीवरून ती ऐकू येणं अशक्य. वर कापड नळीला घासतं, त्याची खसखस वेगळीच. बाईंना आधी पहिला ठोका नेहमीपेक्षा टणक वाटला असणार, तिथून त्यांना संशय आला असेल.

एक विचारतो. आईंना लहानपणी सांधे सुजण्याचा त्रास झाला होता का?

आणि शंकासुर, तुमच्या आजोबांबद्दल वाईट वाटलं. पण अटॅक येतो तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्यांत गुठळी अडकून. त्या नळ्यांतलं ब्लॉकेज स्टेथोस्कोपने कळत नाही, कुणालाच कळत नाही. झडपा व्यवस्थित आहेत म्हणून "ठणठणीत" म्हणणं ही त्या डॉक्टरची जिभेची चूक, नळीची नव्हे. छातीत दुखत असेल आणि कुणी नुसती नळी लावून घरी पाठवत असेल तर इसीजी मागा.

डग्गा (रविवार, रात्री ११.४०)

वा डॉक्टर! "सगळी गंमत शांततेत" हे आमच्या गुरुजींचं वाक्य वाटलं. मी तबला शिकवतो. प्रश्न: नळीला दोन बाजू कशाला असतात? एक चपटी, एक वाटीसारखी.

गल्लीतला_डॉक्टर (रविवार, रात्री ११.५२)

तुम्हाला तर एका वाक्यात कळेल. चपटी बाजू म्हणजे चाटीवरचा दायाँ, वाटी म्हणजे डग्गा. चपटीवर ताणलेला पडदा असतो, तो बारीक, उंच आवाज उचलतो आणि खर्ज गाळतो. वाटीने खर्ज ऐकायचा. आणि वाटी अलगद टेकवायची. दाबली की खालची कातडीच ताणून पडदा बनते आणि खर्ज जातो.

डग्गा (रविवार, रात्री ११.५६)

म्हणजे मनगट दाबलं की डग्ग्याचा स्वर चढतो तसंच! आता झोप यायची नाही मला.

इंटर्न_आहे_हो (सोमवार, पहाटे २.१७)

नाइट ड्युटीवरून लिहितोय. डॉक्टरकाकांनी कबुलीजबाब दिलाच आहे तर माझाही घ्या. पहिल्यांदा वॉर्डात गेलो तेव्हा सरांनी एका पेशंटची मर्मर ऐकायला लावली. वीस जण रांगेत. प्रत्येकाने कानात नळी घातली, मान डोलावली, "येस सर". मला शष्प ऐकू आलं नव्हतं. मीही मान डोलावली. रात्री होस्टेलवर कळलं की विसापैकी सोळा जणांना काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि उरलेले चार खोटं बोलत असावेत. त्यातल्या एकाने तर नळी कानात उलटी घातली होती. कानातली टोकं नाकाच्या दिशेने वळलेली हवीत, नाहीतर निम्मा आवाज बाहेरच राहतो.

मर्मर किती मोठी याच्या सहा पायऱ्या असतात. १९३३ मध्ये लेव्हाइन नावाच्या अमेरिकन हृदयतज्ज्ञाने मांडल्या, आजही त्याच चालतात. पहिली पायरी म्हणजे नीट लक्ष देऊन थोडा वेळ ऐकलं तरच कळणारी. चौथीपासून हाताला थरथर लागते. सहावी नळी छातीपासून जरा उचलली तरी ऐकू येते. विद्यार्थ्याला पहिली पायरी कधीच ऐकू येत नाही, आणि परीक्षेत लिहायची वेळ आली की सगळे "तिसरी" लिहितात.

तिसरा आणि चौथा ठोकाही असतो. हृदय थकलं की लब-डबला एक जास्तीचा आवाज चिकटतो आणि घोडा दौडल्यासारखी लय होते. पुस्तकात लक्षात ठेवायला अमेरिकेतली दोन राज्यं दिलीत, केंटकी आणि टेनेसी. ज्याने दोन्ही पाहिली नाहीत त्याला काय डोंबल लय कळणार. डग्गा सर, तुम्ही बोल बसवून द्याल का?

डग्गा (सोमवार, सकाळी ७.०५)

जास्तीचा आवाज "डब"नंतर येतो की "लब"च्या आधी?

इंटर्न_आहे_हो (सोमवार, सकाळी ७.२०)

तिसरा डबच्या मागोमाग. चौथा लबच्या जरासा आधी.

डग्गा (सोमवार, सकाळी ७.३१)

मग तिसऱ्याला "धा-तिट", चौथ्याला "किधा-ती". हळू सुरू करून लय वाढवा. माझ्या वर्गातल्या पोरांना आज हेच देणार आहे, कारण सांगणार नाही.

माणदेशी_लेक (सोमवार, सकाळी ९.४८)

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. आईला विचारलं. ती अकरा-बारा वर्षांची असताना आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. तापही होता. दोन-तीन महिने शाळा बुडाली. घरात "वात आहे" म्हणून निरगुडीच्या पाल्याचा शेक दिला. मग आपोआप बरी झाली. हे तिने आजवर एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. "मला कुणी विचारलंच नाही," म्हणाली.

गल्लीतला_डॉक्टर (सोमवार, दुपारी २.४०)

तोच. संधिवाताचा ताप, र्‍हुमॅटिक फीवर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. आधी घसा सुजून दुखतो, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे. दोन-तीन आठवड्यांनी, घसा विसरलेला असतो तेव्हा, शरीराचं सैन्य जंतूशी लढता लढता स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटतं. सांधे एकातून दुसऱ्यात फिरत सुजतात आणि काही मागे न ठेवता बरे होतात. म्हणून सगळ्यांना वाटतं, गेलं. वैद्यकात जुनी म्हण आहे: हा ताप सांध्याला नुसता चाटतो, पण हृदयाला चावतो. झडपेवर व्रण राहतो आणि पुढे कित्येक वर्षांत ती हळूहळू आकसत जाते.

गर्दीची घरं, एका खोलीत सहा जण, घशाला औषध नाही, तिथे हा आजार फोफावतो. त्या पोरीला तेव्हा कुणी ओळखलं असतं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं असतं आणि पुन्हा पुन्हा चावा बसला नसता. इंजेक्शन भयंकर दुखतं, पोरं पळून जातात, तो भाग वेगळा.

इको कधी आहे?

माणदेशी_लेक (सोमवार, दुपारी २.५५)

गुरुवारी.

गोदाकाठची (सोमवार, दुपारी ३.३०)

सगळं छान चाललंय, पण मूळ गोष्ट कुणी बोलतच नाहीये. पदर. बाईमाणसाची छाती नीट तपासायची तर कपडा बाजूला करावा लागतो. डॉक्टरला संकोच, बाईला संकोच, सोबत आलेल्या नवऱ्याला तर सर्वांत जास्त. मग सगळे मिळून साडीवरून ऐकल्याचं नाटक करतात. माझ्या सासूबाईंचा इसीजी काढायला पुरुष टेक्निशियन होता म्हणून त्या तशाच परत आल्या होत्या.

जुनीपाने (सोमवार, सायंकाळी ६.१५)

गोदाकाठची यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. कारण स्टेथोस्कोपचा जन्मच या संकोचातून झाला.

१८१६ साल. पॅरिसमधलं नेकेर रुग्णालय. रने लेनेक नावाचा पस्तिशीचा डॉक्टर. त्यापूर्वी हृदय ऐकायचं तर डॉक्टर सरळ छातीला कान लावत. लेनेकपुढे एक तरुण स्त्री आली, हृदयरोगाची लक्षणं असलेली. अंगाने स्थूल, त्यामुळे छातीवर बोटांनी ठोकून काही कळेना. आणि वय व स्त्रीदेह पाहता कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेव्हा त्याला आठवलं, की लाकडाच्या ओंडक्याच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं. त्याने वहीभर कागद घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर, दुसरं आपल्या कानाला. आणि कान थेट लावल्यावर येत असे त्याहूनही स्वच्छ आवाज आला!

हा माणूस बासरी वाजवत असे. लाकूड कातून त्याने पोकळ नळकांडी बनवली, तीन वर्षं रुग्ण ऐकले, मेल्यावर शवविच्छेदन करून ताडून पाहिले आणि १८१९ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला. ग्रीकमध्ये स्तेथोस म्हणजे छाती, त्यावरून हे नाव. छातीला हात लावला असता मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते, हे वर्णनही त्याचंच. इंटर्न म्हणतात ती चौथी पायरी.

गंमत म्हणजे हृदयाच्या आवाजांचा अर्थ त्याने चुकीचा लावला. दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असं त्याला वाटलं. तो झडपांचा आहे हे १८३२ मध्ये रुआने नावाच्या डॉक्टरने मांडलं, तेव्हा लेनेक हयात नव्हता. १८२६ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेला. ज्या क्षयाचे छातीतले आवाज त्याने जगाला शिकवले, त्याच क्षयाने. नात्यातल्याच एका तरुण डॉक्टरने त्याचीच नळी त्याच्या छातीला लावून काय ऐकू येतं ते सांगितलं, आणि लेनेकला आपलं निदान कळलं, असं म्हणतात.

दोन्ही कानांची नळी १८५० नंतरची. त्याआधी ती एका कानाने ऐकायची होती.

तर सांगायचं असं, की संकोचापोटी माणसाने एक वीतभर अंतर शोधून काढलं आणि त्या अंतराने त्याला जास्त चांगलं ऐकू आलं. पण ती नळी त्या स्त्रीच्या छातीवर टेकलेली होती. आपण त्या अंतरात नऊवारी घातली.

शंकासुर_पुणे (सोमवार, सायंकाळी ६.४०)

शेवटचं वाक्य आवडलं. मंगळसूत्राची उपमा मागे घेतो. निम्मी.

आरोग्यं_धनसंपदा (सोमवार, सायंकाळी ७.०२)

या विलायती नळ्यांची गरजच काय? आपले वैद्य नुसत्या नाडीवर तीन बोटं ठेवून शेजारच्या बाईचा आजारसुद्धा सांगायचे.

गल्लीतला_डॉक्टर (सोमवार, रात्री १०.३०)

शेजारच्या बाईची नाडी न बघता? मग माझी ओपीडी फारच लवकर आटपेल. नाडी मीही बघतो, ठोका चुकत असेल तर पहिला सुगावा तिथेच लागतो. पण आकसलेली मायट्रल झडप नाडीवर कळत नाही. या विषयावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

लीड्सकर (मंगळवार, पहाटे १.५०)

मी इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे. संकोच इथेही असतो. तपासणीआधी डॉक्टर विचारतात, "सोबत कुणी बाई हवी का?" आणि हवी असेल तर मलाच बोलावतात. मी फक्त उभी असते. अंगावर चादर असते, हवा तेवढाच भाग उघडायचा, ऐकून झालं की झाकायचं. पाच मिनिटं जास्त जातात.

उपकेंद्र_सिस्टर (मंगळवार, दुपारी १२.१०)

आमच्याकडे पाच मिनिटं कुठली, पण युक्त्या आहेत. कपडा काढायला लावायची गरज नसते, नळीचं टोक पदराखालून, गळ्यातून आत न्यायचं. बाईला सांगायचं, "तूच धर आणि मी सांगते तिथे ठेव." तिच्या हातात दिली की ती लाजत नाही. आणि हिवाळ्यात टोक आधी तळहातावर चोळून गरम करायचं, नाहीतर बाई दचकते आणि ठोके शंभरावर.

मी सुरुवातीला गरोदर बायकांच्या पोटाला कर्णा लावून बाळाचे ठोके मोजायचे. मिनिटाला एकशे दहा ते एकशे साठ. घड्याळाच्या टिकटिकीसारखे, उशीखाली घड्याळ ठेवल्यासारखे लांबून येतात. सोबतच्या सासूला ऐकायला दिलं की पुढच्या तपासणीला ती स्वतः सुनेला घेऊन यायची. आता छोटं डॉपलर यंत्र आलं, सगळ्या खोलीला ऐकू येतं. कर्णा कपाटात आहे. कोविडच्या वेळी तर साधी नळीही कपाटातच गेली, त्या प्लास्टिकच्या पोशाखात कानाला लावणार कशी?

चिऊचा_बाबा (मंगळवार, दुपारी १.४५)

मर्मर शब्द ऐकून ज्यांची झोप उडते त्यांच्यासाठी लिहितो. आमची चिऊ चार वर्षांची. अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली, डॉक्टर म्हणाले, "मर्मर आहे, जिल्ह्याला दाखवा." बायको रात्रभर रडली, मी रात्रभर मोबाइलवर वाचत बसलो (करू नका). जिल्ह्याच्या डॉक्टरांनी चिऊला झोपवून ऐकलं, बसवून ऐकलं, इको केला. हृदय उत्तम. लहान मुलांत अशी निरुपद्रवी मर्मर खूप आढळते म्हणे, तार छेडल्यासारखी गोड वाजते, मोठं झाल्यावर बहुतेकांची जाते. ताप असला की जास्त ऐकू येते, एवढंच.

त्याच दिवशी शेजारच्या बाकावर एक पोरगं होतं, हृदयाला भोक. त्याची आई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात आवाज लई मोठा हाय, पण भोक बारकं हाय." हे मला कळलं नाही.

गल्लीतला_डॉक्टर (मंगळवार, रात्री ११.१५)

अंगणात पाणी मारताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरा. फट बारीक, फवारा जोरात, आवाज मोठा. अंगठा काढला की पाणी जास्त, आवाज कमी. दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक बारकं असतं तेव्हा खूप वाजतं. मोठी भोकं कधीकधी फारशी वाजतच नाहीत, तीच जास्त धोक्याची. आवाजाच्या मोठेपणावरून घाबरायचं नाही आणि लहानपणावरून निर्धास्तही व्हायचं नाही. अंगात रक्त कमी असलं, गरोदरपण असलं तरी रक्त वेगाने वाहून मर्मर येते. आपल्याकडच्या बायकांत ते नेहमीचंच. लोहाच्या गोळ्यांनी गेलेल्या मर्मर मी पाहिल्यात.

टिकटिकराव (बुधवार, रात्री ८.२०)

रामराम. मी इथं उशिरा आलो, पण या विषयात माझा अनुभव डॉक्टरांपेक्षा जास्त हाय असं म्हणायला हरकत नाही, कारण मी वीस-पंचवीस वर्षं आतून ऐकतोय.

मलाही लहानपणी तोच ताप. तिशीत धाप लागाय लागली. मोठ्या सरकारी दवाखान्यात ॲडमिट होतो, ऑपरेशनचा नंबर लागायचा होता, आणि तिथं डॉक्टरांच्या परीक्षा लागल्या. मला म्हणाले, "काका, केस म्हणून बसता का?" चहा, जेवण आणि वर थोडे पैसे. बसलो. दिवसाला पाच-सहा पोरं यायची. हात थरथरतायत, घाम फुटलाय. बाहेरगावचे परीक्षक लांब बसलेले. पहिल्या दिवशी कळलं की सगळी पोरं एकाच जागी अडकतात. दुसऱ्या दिवशीपासून मी हळूच सांगायचो, "बाळा, मला डाव्या कुशीवर वळव. आता उलटी बाजू लाव. खाली घे. अजून. हां, तिथं." एका पोरीला तरी ऐकू येईना, रडायच्या बेताला आली. तिला म्हटलं, "मायट्रल स्टेनोसिस लिही, मी सांगतो." पास झाली. पेढे घेऊन वॉर्डात आली होती.

२००३ ला झडप बदलली. आतली झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं तयार केलेली, आपल्या देशातली. १९९० च्या डिसेंबरात पहिली बसवली होती म्हणे. आत चकती हाय, ती प्रत्येक ठोक्याला उघडझाप करते आणि वाजते. टिक. टिक. नळी लागत नाही, शांत खोलीत शेजारी बसलेल्याला ऐकू येतं. रात्री बायको म्हणते, "आज जरा फास्ट चाललाय, जिना चढून आलात का?" नातवाला वाटतं माझ्या पोटात घड्याळ हाय. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि रक्त किती पातळ हाय ते बघायची आयएनआरची तपासणी महिन्याला. टिकटिक दबकी आली, नेहमीसारखी कडक नसली, तर लगेच दवाखाना गाठायचा असं सांगून ठेवलंय, गुठळीची भीती असते. म्हणून मी रोज झोपताना दोन मिनिटं ऐकतो.

ताई, आईला घाबरू नका म्हणावं. आता सगळ्यांची झडप बदलावी लागत नाही. बऱ्याच जणांची फुगा घालून मोठी करतात, छाती उघडायला लागत नाही.

इंटर्न_आहे_हो (बुधवार, रात्री ११.५९)

काका, तुमच्यासारख्या एका काकांमुळेच मी पास झालोय. कान धरून सांगतो.

माणदेशी_लेक (गुरुवार, रात्री ९.०५)

इको झाला. मायट्रल झडपच निघाली. तोंड १.७ चौरस सेंटिमीटर.

गल्लीतला_डॉक्टर (गुरुवार, रात्री १०.५०)

निरोगी झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. दीडच्या खाली गेलं की आम्ही गंभीर धरतो. म्हणजे आईंची आकसलेली आहे, पण आज फुग्याचीही गरज नसावी, ते हृदयतज्ज्ञ ठरवतील. ऑपरेशन होईल. भूलतज्ज्ञ बाई फक्त ठोके वाढू देणार नाहीत, कारण ठोके वाढले की झडपेतून रक्त उतरायला वेळ कमी मिळतो आणि ते मागे फुप्फुसात तुंबतं. हे त्यांना आधी माहीत असणं आणि टेबलावर कळणं, यात फार फरक आहे.

माणदेशी_लेक (तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११.२०)

उशीर झाला, क्षमस्व. ऑपरेशन नीट पार पडलं, खडे डबीत भरून आईने शोकेसमध्ये ठेवलेत.

काल घरच्या डॉक्टरांकडे टाके दाखवायला गेलो होतो. मी इकोचा रिपोर्ट पुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आतून आपल्या मिसेसना बोलावून घेतलं, दार लावलं, आईला म्हणाले, "वहिनी, झोपता का जरा?" आई झोपली, पदर तिने आपणहून बाजूला घेतला. डॉक्टर नळी लावणार तेवढ्यात म्हणाली, "डॉक्टर, आधी पंखा बंद करा."

डाव्या कुशीवरही स्वतःच वळली. पाच मिनिटं तरी ऐकलं असेल त्यांनी. "येतंय," एवढंच म्हणाले. मग नळी आईच्या कानात घातली. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "लांब कुणीतरी जातं ओढतंय."

टिकटिकराव (रविवार, दुपारी १२.०२)

पंखा, कूस, सगळं पाठ झालं म्हणायचं. पुढच्या परीक्षेला केस म्हणून पाठवा त्यांना. पैसे आधी ठरवून घ्या, चहावर भागवतात.